सुलभाची साक्षीदार

ज्या आमदाराविरुद्ध मी साक्षीदार होते, त्यालाच मी कुंकू लावून ओवाळलं. वय तेव्हा त्रेसष्ट, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. म्हणजे दिसलं नाही म्हणायचीही सोय नाही. प्रचारात उमेदवार आमच्या लालबागच्या चाळीत आला की सगळ्यांत जुन्या सवाष्णीने पुढे व्हायचं, ही पद्धत. कुणीतरी तबक हातात दिलं आणि या बाईचा हात आपोआप गोल फिरू लागला. वर पदरही सावरला मी... फोटो बरा यावा म्हणून.

सुलभा वर गॅलरीतून बघत होती.

ती माझी शेजारीण, भिंतीला भिंत. गेल्या महिन्यात झोपेतच गेली. त्या आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात ती सात वर्षं लोकांची पत्रं टाइप करायची. रेशनकार्ड, शाळाप्रवेश, हॉस्पिटलातली खाट, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. एकदा नातवाच्या प्रवेशाचं पत्र घ्यायला मी गेले, तर आतल्या केबिनचं दार उघडलं आणि सुलभा बाहेर यायला धडपडत होती. दंड त्याच्या मुठीत, खांद्यावरची पिन तुटलेली. मला बघून त्याने हात सोडला आणि काकू, चहा घेणार का, असं हसत विचारलं. घरी आल्यावर तिच्याकडून कळलं, हे सहा महिने चाललं होतं.

तिने तक्रार लिहिली, साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. मग सुरू झाली पायपीट. पक्ष म्हणाला, हा विधिमंडळाचा विषय. तिथे कळलं, सभागृहाबाहेरचं त्यांच्याकडे येत नाही. कार्यालयात अशा तक्रारींची समिती नाही, कारण माणसं चार आणि मालक तोच. एका गृहस्थांनी तर सांगितलं, जनता करील न्याय मतदानातून. एखाद्या शिपायाने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. इथे घरी बसली सुलभा. शेवटी जिल्ह्याच्या समितीने अर्ज घेतला, आणि सुनावणीत त्याने माझा तबकासकटचा फोटो टेबलावर सरकवला. मी सवय हो, सवय, असलं काहीतरी पुटपुटले. पुरावा अपुरा ठरला. तो पुन्हा निवडून आला आणि महिला कल्याणाच्या कुठल्याशा समितीवर जाऊन बसला. सुलभाने अपील केलं. तारखांवर तारखा पडत राहिल्या. माझ्याशी ती दोन महिने बोलली नाही. मग एका दुपारी कोलंबीच्या कालवणाची वाटी दारात ठेवून गेली... त्यावर आमचं बोलणं असं कधी झालंच नाही.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी चाळीच्या दारात बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. सुलभाचा फोटो बोराएवढा, त्याचा परातीएवढा, हात जोडलेला. चाळीच्या सेक्रेटरींना म्हटलं, काढा हे. ते म्हणाले, साहेबांनी मनापासून लावलाय, राहू दे तेराव्यापर्यंत. मग मीच स्टूल आणलं, वर चढले आणि भाजीच्या सुरीने दोऱ्या कापल्या. खाली उतरले तेव्हा स्वतःवर भलतीच खूश होते.

सुलभाची मुलगी मृणाल जिन्यात उभी होती. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार. तिने बॅनरची घडी घातली, काखेत मारली आणि म्हणाली,

"मावशी, अपील मी बंद होऊ देणार नाही. आईच्या जागी मला उभं राहता येतं, विचारून आलेय. तुला परत साक्ष द्यायला लागेल. पण निवडणुकीत तो परत दारात येणार... तेव्हा तू काय करणार, ते आधी सांग मला."