आमच्या ह्यांना काढलं तेव्हा

सोलापूरच्या भवानी पेठेत भाजी घ्यायला गेले की मला आधी टोमणा मिळायचा, मग भाजी. "वहिनी, काल पन पाच खाल्ले की हो," असं म्हणत भाजीवाला मेथीची जुडी पिशवीत टाकायचा. पाच म्हणजे गोल. आमचे हे पेठेतल्या फुटबॉल क्लबचे कोच. शाळेतून पी.टी.चे सर म्हणून रीतसर निवृत्त झाले, पण क्लबमधून निवृत्त व्हायचं नाव नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे कोच होते, मुलगी सासरी गेली तेव्हाही कोचच होते, आणि मधल्या सगळ्या काळात क्लबनं एक स्पर्धा जिंकली असेल तर शपथ.

लोकांना वाटायचं, मला वाईट वाटत असेल. मला रागच यायचा, पण लोकांचा नाही, ह्यांचा. आमच्या गच्चीवरून मैदान सरळ दिसतं. वाळलेले कपडे काढायला म्हणून मी वर जायची ती सामना संपेपर्यंत तिथंच. ह्यांचं एकच शास्त्र होतं: आधी गोल खायचा नाही, मग पुढचं पुढं बघू. त्यामुळे आमची सगळी पोरं आपल्याच गोलसमोर रेशनच्या रांगेसारखी उभी. आणि चेंडू बरोबर त्यांच्याच कुणाच्या तरी तंगड्यांतून आत. गच्चीवर मी एकटीच कपाळाला हात लावून.

एकदा केम गावचा संघ रेल्वेनं आला होता. गाडीच्या गोंधळात त्यांची निम्मी पोरं मागंच राहिली. जेवढी पोचली तेवढ्यांनीच खेळायचं ठरवलं, आणि जिंकून परतीच्या गाडीला वेळेवर स्टेशनात हजर. सांगोल्याची पोरं तर टेम्पोत डाळिंबं घेऊन यायची, मध्यंतरात सोलून खायची आणि आमच्या पोरांनाही द्यायची. हरवायचं ते हरवायचं, वर डाळिंब चारायचं. अशाच एका सामन्यानंतर रात्री ह्यांना वाढताना मी म्हटलं, "अहो, निदान एखादं पोरगं तरी पुढं पाठवा." हे म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाही." मी भाकरी जरा जोरात ताटात टाकली.

क्लबचे अध्यक्ष हे आणखी एक प्रकरण. त्यांचा टॉवेलचा कारखाना. क्लबच्या जाळ्या, चेंडू, खांब सगळं त्यांच्या गोदामात. त्यामुळे दर वेळी तेच बिनविरोध निवडून यायचे, कारण विरोधात उभं राहणाऱ्याला ते लोखंडी खांब आपल्या घरात ठेवावे लागले असते. वर्षातून एकदा मैदानावर यायचे, 'खेळात हारजीत महत्त्वाची नसते' असं भाषण करायचे आणि कारखान्याचं नाव छापलेले नॅपकिन वाटून जायचे. जाळ्यांना भोकं पडली होती, चेंडूला बाळंतिणीसारखं जपावं लागायचं, पण नॅपकिन मात्र भरपूर. हे त्यांच्याविरुद्ध कधी चकार शब्द बोलले नाहीत. "क्लब आहे, सांभाळून घ्यायचं असतं," असं म्हणायचे.

शेवटी लोकांचा धीर सुटला. एके दिवशी हे मैदानावर गेल्याचं बघून दोघंजण माझ्याकडे आले. एक मैदानाच्या भिंतीला लागून टपरी असलेला चहावाला, दुसरा एक रिक्षावाला. सगळ्या चाहत्यांचा हा रिक्षावाला म्होरक्या. सामन्याच्या दिवशी त्याच्या रिक्षात पॅसेंजर बसायला घाबरायचे, कारण हा मधेच रिक्षा मैदानाकडे वळवायचा.

"भाभी, सर भोत अच्छे हैं," त्यानं सुरुवात केली. "पन कित्ता हारना जी? मेरे रिक्षे में बैठे सो लोगां भी हसते."

चहावाला म्हणाला, "तुमी सांगा की त्यास्नी. म्हनावं, लई केलं, आता आराम करा."

मी म्हटलं, "खेळाचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची आहे. तुमच्याहून जास्त. पण हा माणूस संध्याकाळी पाचला घरात राहिला, तर मी कुठं जाऊ?"

दोघंही खाली बघायला लागले. त्यांनाही बायका होत्या.

मी उगाच बोलत नव्हते. मागं एकदा मैदानावर दोन महिने आनंदमेळा लागला होता. आकाशपाळणे, मौत का कुआं, सगळा थाट. क्लब बंद, हे घरी. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराची मांडणी बदलली. मीठ आणि तिखट पुढच्या फळीत, डाळी मध्ये, साखर राखीव. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करायच्या ऐवजी शिट्टी वाजवायचे. मी शेंगा कुटायला बसले की शेजारी उभे राहून, "मनगटातून, मनगटातून!" एकदा धुणंवालीला त्यांनी कामाला लागायच्या आधी हातपाय मोकळे करायचे व्यायाम करायला लावले. ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. पाळणेवाल्यांनी तंबू गुंडाळले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दिवसभर हे घरात असतात ते ठीक आहे, पण पाच ते आठ ही माझी वेळ. तेवढ्यावर मी उरलेला दिवस काढते.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चहा प्यायला आणि गेले. मला वाटलं, मिटलं. पण आमच्याकडे माणसाला सरळ 'जा' म्हणायची रीत नाही, सत्कार करायची आहे. आठ-दहा दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर ह्यांचा तरुणपणचा फोटो, वर अध्यक्षांचा त्याच्या दुप्पट मोठा फोटो, आणि खाली 'प्रदीर्घ सेवेबद्दल सपत्नीक सत्कार'. सपत्नीक म्हणजे मलाही काठावरून ढकलायला बरोबर घेतलेलं.

सत्काराला खच्चून गर्दी. जी माणसं दर रविवारी भिंतीवर चढून ह्यांना काय काय म्हणायची, ती स्वच्छ शर्ट घालून पहिल्या रांगेत. अध्यक्षांनी स्वतःच्या कारखान्याची चादर ह्यांना पांघरली. भर उन्हाळ्यात, सोलापुरात, चादर. माझी ओटी भरली. मग भाषणं सुरू झाली आणि एकेकाची जीभ अशी काही सैल सुटली की मला कळेना, हे कुणाबद्दल चाललंय. ह्यांनी घडवलेले खेळाडू, ह्यांची शिस्त, ह्यांचा त्याग. रिक्षावाला माइकसमोर आला आणि दोन वाक्यांतच त्याचे डोळे भरून आले. "सर के बगैर ये मैदान मैदान नै लगता," तो म्हणाला, "मैं तो बोलतूं, सर को और..." चहावाल्यानं मागून त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं नसतं, तर ह्यांची मुदत तिथल्या तिथं वाढली असती.

अध्यक्षांनी मग नव्या कोचचं नाव जाहीर केलं. त्यांच्याच साडूचा मुलगा. पुण्याला कसलासा कोर्स करून आलेला. टाळ्या पडल्या. ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. हे घामानं थबथबून उठले, चादर तशीच अंगावर. "बरं, येतो," म्हणाले आणि बसले. खरंच दोनच शब्द.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसून तयार होते. डब्यांना हात लावला तर काय बोलायचं, शिट्टी वाजली तर काय करायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. पाच वाजले. हे खुर्चीत बसून होते. सहा वाजले, सात वाजले, हे तिथंच. मैदानावरून पोरांचा आवाज येत होता. ह्यांनी उठून खिडकी लावून घेतली. त्या उकाड्यात.

असे दिवसांमागून दिवस गेले. डब्यांकडे ह्यांनी ढुंकून पाहिलं नाही. दूध दोनदा उतू गेलं, हे जागचे हलले नाहीत. शेवटी मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. हे जेवले, ताट उचललं, हात धुतले. "आमटी कशी झाली?" मी विचारलं. "चांगली झाली," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढी वर्षं हा माणूस पाचला घराबाहेर जावा म्हणून जपले, आणि आता तो घरात असूनही घरात नव्हता. मला भीती वाटायला लागली. आमच्या ओळखीतले असे खुर्चीत बसलेले काहीजण मी बघितले होते. ते पुढं फार दिवस बसले नाहीत.

रविवारी सांगोल्याशी सामना होता. मी शेंगाचटणीचा डबा ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "चहावाल्याच्या बायकोला कबूल केलीय. मला एकटीला त्या गर्दीत जायचं नाही. चला." चटणी मी कुणाला कबूल केली नव्हती. हे कुरकुर न करता निघाले. कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

टपरीशेजारच्या पायऱ्यांवर लोकांनी सरकून आम्हाला जागा दिली. कुणी ह्यांच्याकडे नीट बघेना. हेही डबा मांडीवर घेऊन गप्प. मैदानात नवा कोच गॉगल, टोपी आणि हातात लॅपटॉप घेऊन उभा. भर उन्हात त्याला पडद्यावर काय दिसत होतं ते त्यालाच ठाऊक. त्याचं शास्त्र ह्यांच्या उलट होतं, सगळ्यांनी पुढं जायचं. सगळ्यांनी म्हणजे गोलकीपरनंसुद्धा. सांगोल्याच्या पोरांनी निवांत दोन गोल केले. तिसरा तर त्यांच्यातल्या एकानं चालत चालत जाऊन केला.

आणि पायऱ्यांवर चिडीचूप. मला आधी उलगडा होईना. हीच माणसं ह्यांच्या वेळी पहिल्या गोलाला आभाळ डोक्यावर घ्यायची. मग लक्षात आलं. हा कोच त्यांनीच आणला होता. ह्यांना काढा म्हणून त्यांनीच कंठशोष केला होता, सत्काराला टाळ्याही त्यांनीच वाजवल्या होत्या. आता कुठल्या तोंडानं बोलणार? रिक्षावाला लाल होऊन नुसता तंबाखू चोळत होता. चहावाल्यानं किटली गच्च धरली होती. चौथा गोल झाला. कुणीतरी खोकलं, तेवढंच.

माझ्या शेजारी डबा खाली आपटल्याचा आवाज झाला.

"अरे, त्या गोलकीपरला कुठं पाठवलाय? देवदर्शनाला?" हे उभे होते. मी लग्नापासून ह्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. कोच होते तेव्हा तोंडात शिट्टी असायची. "मागं बोलवा त्याला! आणि तो लॅपटॉप मिटव की लेका, समोर बघ! कुणी केलं रे ह्याला कोच?"

मग रिक्षावाला ताडकन उठला. "हौ! किसने करा इसको कोच?" आणि पायऱ्याच्या पायऱ्या उठल्या. एवढे दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. चहावाला किटली नाचवत होता. साहजिक होतं. अख्ख्या पेठेत बोलायचा हक्क राहिलेला एकच माणूस होता, आणि तो बोलला होता.

"आणि जाळ्यांचं अध्यक्षांना विचारा!" ह्यांचं थांबायचं लक्षण नव्हतं. "भोकाभोकाच्या जाळ्या! नॅपकिन लावा म्हणावं गोलला!"

लोकांनी ह्यांना उचलायचंच बाकी ठेवलं. आम्ही सात गोल खाल्ले. मी पेठेत एवढी खूश गर्दी कधी बघितली नाही. त्या रात्री हे जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय." मी म्हटलं, "होऊ दे," आणि मला इतकं बरं वाटलं की मीही त्यांच्या ताटातलीच आमटी घेतली.

तेव्हापासून हे रोज पाचला टपरीवर. महिनाभर सगळं छान चाललं. मग एक दिवस, पाच वाजायला थोडा वेळ असताना, तेच दोघं परत माझ्या दारात. चेहरे उतरलेले.

"वहिनी, आमी लई तरास काढायलोय," चहावाला म्हणाला. "सर आमाला वरडायची प्रॅक्टिस द्यायलेत. कुनी कुटं बसायचं, आधी कुनी वरडायचं, सगळं ठरवून दिलंय. येक मानूस चुकला की सगळ्यांनी पुना पयल्यापासून."

"मेरे को पिछाडी कू बिठा दिये, भाभी," रिक्षावाला म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. "बोलते, पैले डिफेन्स. गोल हुए बगैर मूं नै खोलना. सर को फिर से कोच बना दो ना. नै तो थोडे दिन घर में रखो."

मी दोघांकडे बघितलं. आत आरशासमोर हे शीळ घालत भांग पाडत होते.

"सत्कार करून माझ्या घरात आणून सोडलात, तेव्हा मला विचारलं होतं का?" मी म्हटलं. मग वळून आत हाक मारली, "अहो, आवरलं का? तुम्हाला न्यायला माणसं आलीत."