बेलाच्या पानांतली गोळी

देवाचं नाव घेता घेता तेच नाव जिभेवर येईनासं झालं, तर माणसानं काय समजायचं? आपल्या हातून काही पाप घडलं, की देवानंच पाठ फिरवली? गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत मी याच विचारात होते. कोणाशी बोलत नव्हते, पण आत काहीतरी रोज थोडं थोडं कोसळत होतं.

मी बदलापूर पूर्वेला शिरगावात राहते. आमच्या इमारतीमागं गणपतीचं लहानसं देऊळ आहे. तिथं दर गुरुवारी संध्याकाळी आम्हा बायकांचं भजन असतं. पेटी मी वाजवते आणि पुढचा आवाजही माझाच. मी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, अशी आमची अनेक वर्षांची रीत. गाणं मी कुठं शिकले नाही, पण शेकडो पदं तोंडपाठ होती. घरात दुसरं काही मिरवण्यासारखं माझ्याजवळ नाही, तेव्हा हे पाठांतर म्हणजे देवानं मला दिलेलं माहेरच आहे, असं मी मानायचे.

डोकेदुखी जुनी. अर्धशिशीचा त्रास मला लग्नाच्या आधीपासून आहे. अर्धं डोकं ठणकू लागलं की उजेड नको, आवाज नको, अन्नाचा वासही नको. फिट मात्र चाळिशी उलटल्यावर आली. भाजी चिरता चिरता डाव्या हाताची बोटं आपोआप उडू लागली, तोंडात तांब्याची चव आली आणि पुढचं काही आठवत नाही. काही महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. तेव्हा यजमानांनी मला उल्हासनगरला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळ्या तपासण्या करून त्यांनी एक गोळी सुरू केली. ही फिटही रोखते आणि अर्धशिशीही येऊ देत नाही, म्हणाल्या. आधी लहान मात्रा, मग हळूहळू वाढवत न्यायची. पाणी भरपूर प्या, नाहीतर मुतखडा होऊ शकतो. डोळा अचानक दुखला किंवा अंधुक दिसू लागलं तर वाट न बघता दाखवायला या. आणि काही झालं तरी मनानं गोळी बंद करू नका. एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

गोळीनं गुण आला, हे नाकारणार नाही. फिट थांबल्या. डोकं दुखायचं ते महिनोन् महिने शांत राहू लागलं. बोटांना मुंग्या यायच्या, सोडा बेचव लागायचा, पण त्याचं काही वाटलं नाही. मग मात्रा वाढली आणि माझे शब्द हरवू लागले. लाटणं समोर दिसायचं, पण ‘लाटणं’ हा शब्द येत नसे. मी सासूबाईंना म्हणायचे, ते गोल असतं ते द्या. शेजारणीचं नाव आठवेना म्हणून मी तिला हाकच मारणं सोडलं. आणि एका गुरुवारी भजनात, मी ओळ म्हणत असताना, शेवटी देवाचं नाव यायचं तिथं जागा रिकामी राहिली. पेटीवर बोटं होती, सूर धरलेला होता, बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मला ते नाव येईना. टाळ वाजवणाऱ्या बाईंनी वेळ मारून नेली. पण घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

त्यानंतर मी घसा बसल्याचं निमित्त सांगून मागं बसू लागले. मंडळातल्या एक जुन्या बाई आहेत, मनानं फार चांगल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी औषधं बुद्धीवर जातात, तू ती सोड आणि महादेवावर भार टाक. त्यांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. डॉक्टरबाईंना फोन करावा, शब्द अडतात म्हणून सांगावं, हे मला सुचलंच नाही. शब्द हरवणं हे काही दुखणं आहे आणि ते डॉक्टरला सांगायचं असतं, असं वाटलंच नाही. मला ते देवाचं आणि माझं भांडण वाटत होतं.

श्रावणातल्या सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं ठरवलं. त्याआधी शनिवारपासूनच गोळी बंद केली. सोमवारी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा नेम केला. माझ्या सासूबाई अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. निघताना त्यांनी माझं सुकलेलं तोंड पाहिलं आणि तांब्या पुढं केला. म्हणाल्या, “पानी पिल्यानं देव नाय रुसत गो बाय. आनि ती गोली घेतलीस का?” मी हो म्हटलं आणि चप्पल पायात घातली.

देवळाबाहेर बेल, फुलं, दूध घेतलं. परडीत बेलाच्या पानांवर मी गोळ्यांची पट्टी ठेवली आणि वर आणखी पानं घातली. गाभाऱ्यात जाऊन ती पिंडीसमोर ठेवायची आणि म्हणायचं, आता तूच सांभाळ. मनाशी सगळं ठरलं होतं. ज्यांनी ते मंदिर पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, तिथला गाभारा जमिनीच्या खाली आहे. मंडपातून काळ्या दगडाच्या उंच पायऱ्या उतराव्या लागतात. श्रावणात दूध आणि पाणी सांडून त्या ओल्या आणि निसरड्या होतात, आणि माणसं एकमेकांना धरून उतरतात. रांग हळूहळू सरकत मंडपाच्या दारापाशी आली. माझा घसा कोरडा पडला होता. दगडी भिंतीवरची कोरीव शिल्पं मला हलल्यासारखी दिसत होती.

मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वळून पाहिलं तर तिशीतली एक मुलगी होती. पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी. धक्क्यात माझ्या परडीतली वरची पानं सरकली होती आणि ती आत बघत होती.

“आंटी, ये मेरी वाली गोळी आहे,” ती म्हणाली. “पूजेत का ठेवली?”

मला राग आला. परक्या मुलीनं माझ्या परडीत डोकवावं आणि विचारावं! मी काहीतरी पुटपुटले, देवाला वाहायची आहे म्हणून. मग तिनं ओढणी बाजूला केली. मानेपासून कोपरापर्यंत कातडी आवळून चकाकत होती, जशी भाजल्यावर होते. ती म्हणाली, “मी पण अशीच सोडली होती. कोणाला न विचारता. गॅससमोर उभी होते, तेव्हा फिट आली. छोडनी असेल तर छोडा, पण डॉक्टरच्या हातानं छोडा. दोन मिनिटं बाजूला बसा ना माझ्याबरोबर.”

दारापर्यंत आलेली रांग कोण सोडतं? एवढा वेळ उभी राहिले होते, उपाशी, तहानलेली. समोर चार माणसं होती आणि त्यांच्यापुढं पायऱ्या. तरी मी तिच्यामागं गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही. पाय वळले, एवढंच.

अंगणात एका बाजूला, सावलीत, आम्ही खाली बसलो. ती उल्हासनगरच्या सिंधी घरातली, नाव हर्षा. सासरी कपड्यांचं दुकान. गोळीनं केस गळू लागले म्हणून तिनं ती सोडली होती. एवढं ती सांगत असताना माझी डावी करंगळी उडाली. मग बाकीची बोटं. तोंडात तांबं आलं. मी तिला म्हणायला गेले की मला... आणि शब्द आला नाही. या वेळी तो गोळीनं नेला नव्हता.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. जमलेल्या लोकांतून कोणी चप्पल हुंगवायला पुढं आलं, कोणी दातांत चमचा घालायला निघालं. हर्षानं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी घातली, गळ्याजवळचं सैल केलं, आणि मोबाइलवर वेळ बघत बसली. जास्त लांबलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची म्हणून. माझे हातपाय तिनं दाबून धरले नाहीत, नुसता पाठीवर हात ठेवला होता. मी शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा तो हातच जाणवला. तिची ती भाजलेली मान उघडी होती आणि सगळं देऊळ तिच्याकडं बघत होतं. तोपर्यंत ती तशी चारचौघांत कधी बसली नव्हती, हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

हर्षानं माझ्या मोबाइलवरून कळवलं, तेव्हा यजमान मोरिवलीच्या कारखान्यातून तसेच कामाच्या कपड्यांवर आले. मंडपाच्या आत जाऊन त्यांनी त्या ओल्या पायऱ्या पाहिल्या, परत आले आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले. रांगेत राहिले असते तर ती वेळ माझ्यावर पायऱ्यांवरच आली असती. त्यांनाही तेच दिसलं असणार.

दर्शन राहिलं. आम्ही तिथूनच उल्हासनगरला गेलो, हर्षा बरोबर होती. डॉक्टरबाईंनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील. पण त्यांनी विचारलं, शब्द अडायला कधी सुरुवात झाली? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“ते या गोळीनं होतं,” त्या म्हणाल्या. “बऱ्याच जणांना होतं, आणि त्यावर इलाज आहे. तुम्ही फक्त मला सांगायला हवं होतं.”

इतके महिने ज्याला मी देवाचा कोप म्हणत होते, त्याला नाव होतं, त्यावर उपाय होता. गोळी पुन्हा सुरू झाली. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, उद्यापासून नेहमीसारखीच घ्यायची, असं त्यांनी यजमानांनाही बजावलं. मग पुढच्या काही महिन्यांत त्यांनी ती मात्रा हळूहळू कमी केली आणि दुसरं औषध बेताबेतानं वाढवत नेलं. उपवास करा, पण पाणी सोडायचं नाही, जागरण नको, हेही सांगितलं. घरी आल्यावर सासूबाई पुढं आल्या. माझ्या हातात तांब्या दिला आणि मी पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

शब्द परत आले. सगळे नाहीत. अजूनही एखादा अडतो. पण आता भजनात असं झालं की मी हात वर करते आणि बायका तो शब्द घालतात. घसा बसल्याचं खोटं सांगावं लागत नाही. ज्या बाईंनी औषध सोडायला सांगितलं होतं, त्यांनाही मी झालेलं सगळं सांगितलं. त्या खूप रडल्या. आता मी मंडळात आले की पेटी उघडायच्या आधी त्या विचारतात, गोळी झाली का?

मी पुष्कळदा विचार करते. त्या दिवशी मी देवाला म्हणणार होते, आता तूच सांभाळ. ते म्हणायला मी खाली पोचलेच नाही. न म्हणताच त्यानं सांभाळलं, असं मला वाटतं. कोणी याला योगायोग म्हणेल, म्हणो. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की देवावर भार टाकताना त्यानं तो कसा उचलावा, हे मी आधीच ठरवून बसले होते. आता रोज सकाळ-संध्याकाळ हातावर गोळी घेते, त्याचं स्मरण करते आणि पाण्याबरोबर गिळते. माझ्यापुरतं शरण जाणं ते एवढंच आहे. जे होतं ते डॉक्टरबाईंना सांगते, लपवत नाही. आणि उरलेलं त्याच्याकडं.

हर्षा आमच्या घरची झाली आहे. तिला मूल हवं आहे. या औषधावर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, म्हणून डॉक्टरबाई आधी तिचं औषध बदलत आहेत, आणि ती धीरानं थांबली आहे. परवाच्या थंडीत ती म्हणाली, आंटी, मला खाली गाभाऱ्यात जायचं आहे, पण त्या पायऱ्यांची भीती वाटते. त्या दिवशीही वाटत होती, एकटीच रांगेत उभी होते ना. मग एका सोमवारी आम्ही गर्दी नसताना गेलो, तिच्या आईलाही बरोबर घेतलं. माझी परडी तिच्या आईनं घेतली. मी हर्षाचा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी उतरलो. खाली गार होतं, वरून आभाळाचा उजेड पिंडीवर पडला होता. नमस्कार करायला हात जोडावे म्हटलं, तर माझा एक हात तिच्या हातात होता आणि तिनं तो घट्ट धरला होता. मी सोडवून घेतला नाही. तसाच नमस्कार केला.