बेलाच्या पाटीमागं बसलेली अक्का

महादेवावर माझा राग होता आणि तो मी लपवला नाही. नवरा वारल्यावर दिरांनी अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, नेकनूरच्या घरात परकं केलं, तेव्हा भांडून मी तिला बीडला आणलं. ते भांडण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही. सायकलवर सरकी पेंड विकत मी दुकानापर्यंत आलो; बहिणीला सुखात ठेवणं मला काय अवघड? तिसऱ्या मजल्यावर खोली दिली, टीव्ही दिला, भांड्याला हात लावू दिला नाही. तिथंच ती खचत गेली. आधी जेवण तुटलं, मग बोलणं. दिवसभर दारात बसायची. समोरची सगळी दारं बंद. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, एकटी ठेवू नका म्हणाले. गळ्यातल्या लिंगाची पूजा तिनं कधी चुकवली नव्हती. तीही सुटली, तेव्हा मी पुरता घाबरलो. देवाशी सौदा केला: तिला बोलती कर, अभिषेक घालतो. सोमवारामागून सोमवार गेले.

अशाच एका सोमवारी बायकोचा फोन आला, अक्का घरात नाही. गच्ची पाहिली, बसस्टँडवर नेकनूरच्या गाडीतलं एकेक बाकडं पाहिलं. मग आठवलं, आपल्या महादेवाचं देऊळ कुंडाच्या भर पाण्यात उभं आहे. तिथवर गाडी कशी नेली, ठाऊक नाही. वाटेत एकही सौदा सुचला नाही. तुझीच आहे, तूच सांभाळ, एवढंच तोंडातून निघत होतं.

देवळाबाहेर बेल विकणाऱ्या मावशींशी दर सोमवारी माझी जुडीच्या भावावरून खडाजंगी व्हायची. त्यांच्याच पाटीमागं अक्का बसली होती, किडकी पानं बाजूला टाकत. ती माझी कोण, हे मावशींना माहीत नव्हतं. मी विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "कवाच्या कुंडातल्या पान्याकडं बघत उभ्या व्हत्या. मला ते बरं दिसंना. मनलं, अक्का, जरा पानं निवडू लागा, माजी कंबर दुखायलीय."

सवयीनं मी जुडीचा भाव विचारला आणि कमी करा म्हणालो. अक्कानं मान वर केली.

"देवाचं पान हाय, भाव करू नको. घ्यायचं तर घे, न्हाईतर हो बाजूला. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

सांगितले तेवढे पैसे मी निमूट दिले.

अजून तिचे काही दिवस वाईट जातात, गोळ्या चालू आहेत, फोन वाजला की आधी अक्काचं विचारतो. मावशींची कंबर नेमकी त्याच घटकेला का दुखली, हे मी कुणाला विचारत नाही. देवाशी आता काही ठरवतही नाही. दर सोमवारी मावशींच्या पाटीपुढं ओळीत उभा राहतो आणि अक्का देईल ती जुडी घेतो.