पोट बांधायचं कापड

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई लग्नानंतर आठवड्याभरातच म्हणाल्या होत्या, आणि ते खोटं नव्हतं. शिरगावच्या आमच्या वाडीत पानवेलींना पाणी, गुरांना वैरण, केळीचे घड उतरवणं चालूच असायचं. एका जागी बसले की मला वाटायचं, दिवस फुकट गेला. अशा बाईला पालघरच्या दवाखान्यात खाटेवर आडवं टाकलेलं. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, पिशवीच काढावी लागली. लग्नाला सहा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, आता तो हलणारही नव्हता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नव्हतं. नवरा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कामाला, तो संध्याकाळी डोकावून जायचा. दिवसभर सोबतीला सासूबाई.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने बजावलं, नुसत्या पडून राहू नका, उशीला टेकून बसा, छाती भरून श्वास घ्या आणि खोकून कफ बाहेर काढा, नाहीतर तो आत साठेल. सांगायला काय जातं! एकदाच खोकले आणि टाके उसवून आतडी बाहेर येतात की काय असं झालं. त्यानंतर मी खोकला गिळायला शिकले. श्वासही वरच्यावर, चोरून घेऊ लागले.

माझी तळमळ सासूबाईंना बघवेना. दुपारी सिस्टर जेवायला गेली तशी त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याची लांब पट्टी काढली. मी ती लगेच ओळखली. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड त्यांच्या पेटीत तळाशी असायचं, माझ्या बाळंतपणात पोट बांधायला म्हणून राखून ठेवलेलं. लेकींची पोटं त्यांनी अशीच बांधली होती. त्यांनी मला बांधलं, ओटीपोटापासून थेट बरगड्यांपर्यंत, चांगलं आवळून. खरं सांगते, फार बरं वाटलं. दुखणं बरंच दबलं आणि मी बाळंतिणीसारखी डोळे मिटून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं. कूस बदलायला गेले तर दम लागे, पडून राहिले तर वाटे उठून पळत सुटावं, थेट वाडीपर्यंत. चादर नको, पाणी नको, सासूबाईंचा हातही नको. डॉक्टरांनी पाठीला तपासायची नळी लावली, मग कापड बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बरगड्याच आवळल्यात तर श्वास खाली उतरणार कसा, त्यांनी विचारलं. छातीच्या तळाशी हवा जात नाहीये, हा कफ आज मोकळा झाला नाही तर न्यूमोनिया होईल आणि मग बाईचा भरवसा देता येणार नाही, असं त्यांनी सासूबाईंना तोंडावर सांगितलं. इंजेक्शनं लिहून ते पुढच्या खाटेकडे गेले.

सासूबाई गाठ सोडायला बसल्या. गाठ सुटता सुटेना. मी त्यांचा हात बाजूला केला. जीव गुदमरत होता, तरी ते कापड मला सोडायचं नव्हतं.

"राहू द्या," मी म्हणाले. "आता दुसऱ्या कशाला लागणार आहे ते?"

इतक्या दिवसांत ती गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती. सासूबाई पुढे वाकल्या. मग त्यांनी दातांनी गाठ ओढली, फेरे सोडवले, कापडाची जाड घडी घातली आणि माझ्या टाक्यांवर ठेवून दोन्ही तळवे वर दाबले.

"खोक आता. मी धरलंय."

मी खोकले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण टाके जागेवर होते. पुन्हा श्वास भरला, पुन्हा खोकले. कफाचा गोळा सुटला तसं मला रडू कोसळलं, कशाकशाचं ते मलाही सांगता आलं नसतं. त्याही रडत होत्या, पण तळवे ढिले पडू दिले नाहीत.

"पोर नाय तं नाय," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "मला तू पायजे. खोक अजून."