पुलावर काठी टेकवू नये

जपानमधील शिकोकू या बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची एक फार जुनी यात्रा आहे. यात्रेकरू पांढरा अंगरखा घालतो, डोक्यावर गवती टोपी ठेवतो आणि काठी घेऊन बेटाला पायी प्रदक्षिणा घालतो. त्या यात्रेचे दोन नियम मी नोकरीत असताना ऐकले होते. पहिला असा, की पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही. ज्या साधूच्या नावाने ही यात्रा चालते, तो एकदा थंडीत पुलाखाली झोपला होता आणि अजूनही तेथे झोपलेला असू शकतो. दुसरा नियम असा, की वाटेत कोणी काही दिले तर नाही म्हणायचे नाही.

हे मला एका जपानी अभियंत्याने सांगितले. मी राज्याच्या बांधकाम खात्यात पूल बांधत असे आणि खाडीवरच्या एका पुलाच्या कामावर तो सल्लागार म्हणून आला होता. त्याचे घर त्या वाटेवरच होते. त्याची आई दारापुढच्या बाकावर संत्री ठेवी. येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूने ती उचलावीत, अशी रीत होती.

"निवृत्त झालात की या," तो म्हणाला होता. "एकटे या. दोघे असले की माणसे बोलतात, चालत नाहीत."

मी येतो म्हणालो. मी शब्द सहसा देत नाही. दिलेला मोडत नाही.

निवृत्तीनंतरही पुष्कळ वर्षे अशीच गेली. अखेर जाण्याचे ठरवले तेव्हा पत्नी म्हणाली, "चढायला सिंहगड आहे की. जपान कशाला?" तिला यायचे नव्हते. ते दोघांनाही सोयीचे होते. मला एकट्याने जाऊ द्यायचे की नाही, याचा निर्णय मात्र तिने मुलीवर सोपवला. मुलगी डॉक्टर आहे. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असतो.

तिचे घर डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला आहे. आम्ही उभयता त्या हिवाळ्यापासून तिच्याकडेच होतो. मी तेथेच तयारीला लागलो. पाठीवरच्या पिशवीत तांदळाची थैली घालून मी रोज सकाळी कालव्याच्या काठाने क्लोनडॉकिन या शेजारच्या वस्तीपर्यंत जाई आणि पूल ओलांडून पलीकडच्या काठाने परत येई. त्या कालव्यावर दगडी कमानींचे जुने पूल आहेत. काम चोख आहे. पुलावर आलो की मी काठी उचलून काखेत धरीत असे. पुढे जेथे चालायचे, तेथील शिस्त आधीपासून अंगी लावून घेतलेली बरी.

पाऊस असला की गाड्या थांबत. काचा खाली होत. कुठे सोडू का, असे विचारले जाई. मी नको म्हणत असे.

एका संध्याकाळी मुलगी इस्पितळातून आली ती बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, समोरच्या घरातली बाई मला विचारत होती, तुमचे वडील घर सोडून चाललेत का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, हो. पण रोज जेवायला परत येतात." ती हसली नाही. "पाठीवर ओझं, कोणाच्या गाडीत बसत नाहीत, आणि पूल आला की काठी वर उचलतात. अख्ख्या गल्लीला वाटतंय तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय."

नात अभ्यास करत होती. तिला मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते, तेही तिकडच्या हेलात. मान वर न करता ती म्हणाली, "आबा इज ग्रँड." ठीक असण्याला तिकडे ग्रँड म्हणतात.

"आबा ग्रँड नाहीत," मुलगी म्हणाली. "बाबा, तुमच्या पायांची मला काळजी नाही. हृदयाचीही नाही. मला काळजी तोंडाची आहे."

"तोंडाला काय झालं?"

"ते उघडत नाही."

तिचा रोख माझ्या ध्यानात आला. त्याच हिवाळ्यात मला मूतखड्याचा त्रास झाला होता. सहन होण्याजोगा आहे असे मला वाटले, म्हणून मी कोणाला सांगितले नाही. ती शेजारच्या खोलीत होती. तिला कळले ते मी ताप येऊन जिन्यात बसलो तेव्हा. "डॉक्टरच्या घरात!" एवढेच ती त्या वेळी म्हणाली होती.

आता तिने अट घातली. डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरात एक जुनी यात्रेची वाट आहे. पूर्वी लोक खिंड ओलांडून एका संताच्या दरीपर्यंत त्या वाटेने पायी जात. ती मी एकट्याने चालायची. मुलगी सकाळी मला सोडणार आणि संध्याकाळी दरीच्या तोंडाशी गाडी घेऊन उभी राहणार.

"मी फोन करणार नाही. तुम्हाला करावासा वाटला तर करा. त्यानंतर जपानचं बघू."

परीक्षा पायांची आहे, अशी माझी समजूत झाली. मी मान्य केले.

सकाळ कोरडी होती. वाट प्रथम डांबरी रस्त्याने जाते. मधूनमधून खांब आहेत आणि त्यांवर पिवळ्या रंगात काठी घेतलेला यात्रेकरू काढलेला आहे. मेंढ्या मान वर करून पाहत आणि पुन्हा चरू लागत. एक लाल गाडी शेजारी येऊन थांबली. आत साठीची एक बाई होती आणि तिच्या शेजारच्या जागेवर कुत्रा बसला होता.

"बसता का? पुढे पाऊस आहे. कुत्रा मागे जाईल."

"नको. धन्यवाद."

"खरंच?"

"खरंच."

"अगदी नक्की?"

आग्रहाची रीत तेथे आणि आपल्याकडे एकच आहे. पहिले दोन नकार मोजायचे नसतात. माझा पहिलाच नकार शेवटचा असतो. तिने खांदे उडवले.

"बरं बाबा. डावीकडचं शेवटचं घर माझं. किटली असतेच."

ते घर मागे टाकून मी डोंगरात शिरलो. थोड्या वेळाने पाऊस आला. पुढे एका ओढ्यावर फळ्यांचा पूल होता. फळ्यांवर शेवाळ होते. मी काठी उचलून काखेत धरली, दोन पावले टाकली आणि ओढ्यात पडलो.

हाड मोडले नव्हते. गुडघा सोलवटला होता, दोन्ही बुटांत पाणी शिरले होते आणि खिशातला फोन बंद पडला होता. मी काठावर येऊन उभा राहिलो. ढग इतका खाली उतरला होता, की पुढचा खांब दिसत नव्हता. पाय चालत होते. परीक्षा पायांची होती. मी पुढे गेलो असतो.

पण पाया दिसत नसेल तर खांब उभारायचा नसतो, हे मी आयुष्यभर कनिष्ठांना सांगत आलो होतो. मी परत फिरलो.

डावीकडच्या शेवटच्या घराच्या फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो. कुत्रा भुंकत होता. लेखी मागण्या मी असंख्य केल्या असतील. त्यांचा एक नमुना ठरलेला असतो. दारात उभे राहून तोंडाने मागायच्या गोष्टीचा नमुना मला ठाऊक नव्हता. मी एक वाक्य मनात जुळवले, पुन्हा तपासले आणि दार वाजवले.

"मला दोन गोष्टी हव्या आहेत," मी म्हणालो. "बसायला जागा आणि फोन."

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आधी आत या. दार उघडं ठेवून सगळा डोंगर तापवायचा नाहीये मला."

तिने मला शेगडीपुढे बसवले, फोन हातात दिला आणि किटली चढवली. मुलीचा क्रमांक मला पाठ होता.

"हॅलो? कोण?"

"मी बोलतोय. एका घरात आहे. ओढ्यात पडलो. मोडलेलं काही नाही, गुडघा सोललाय. ढग वर गेला की निघेन. उशीर होईल."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय, बाबा."

"हे अटीत बसत नसेल तर तसं सांग."

"चहा घ्या आधी," ती म्हणाली. तिचा आवाज मला नीटसा ओळखू आला नाही.

बाईने पडण्याचे कारण विचारले. मी जपानमधील नियम सांगितला. ती हातातला कप खाली ठेवून हसू लागली.

"म्हणजे तिथला साधू जागा होऊ नये म्हणून तुम्ही इथल्या ओढ्यात पडलात?"

"नियम नियम असतो."

"अहो, साधू माणूस तो! झोपमोड झाली तर रागावेल थोडाच? उलट म्हणेल, बरं झालं, हा गाढव तरी वाचला."

तिने प्रेस उघडले. तेथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यातून जाड लोकरीच्या मोज्यांचा एक जोड काढून तिने माझ्यापुढे धरला.

"भावाचे आहेत. तो असतो ऑस्ट्रेलियात. त्याला काय करायचेत?"

नको हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मग दुसरा नियम आठवला. मी दोन्ही हात पुढे केले आणि मोजे घेतले.

"धुऊन परत पाठवीन."

"मोजे? परत?" ती म्हणाली. "तुमच्या बायकोचं कठीण आहे हो."

दुपारनंतर ढग उठला. बाईने खिंडीपर्यंत गाडीने सोडते म्हटले. ते मी नाकारले, कारण वाट पायी चालायची होती. तिने या खेपेला एकदाच विचारले. फळ्यांच्या पुलावर मी काठी टेकवली.

खिंडीतून दरी एकदम दिसते. खाली झाडी, दोन तळी आणि त्यांच्याजवळ जुना गोल दगडी मनोरा. ऊन कलले होते. मनोरा कोठे कललेला दिसला नाही. मी काही वेळ तेथे उभा राहिलो आणि मग उतरलो.

मुलगी गाडीला टेकून उभी होती. तिने आधी गुडघा पाहिला, दाबून पाहिला, मग पायांकडे बोट दाखवले.

"हे मोजे कोणाचे?"

"माझे. दिलेले आहेत."

आम्ही गाडीत बसलो. मी पट्टा लावला आणि म्हणालो, "ठीक आहे. जपान राहिलं. मला वाईट वाटणार नाही."

"तिकीट कधीचं काढू?"

"मी मध्येच थांबलो होतो."

"हो ना." तिने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. "बाबा, दुखतंय, पडलोय, हे तुम्ही मला आज पहिल्यांदा आपण होऊन सांगितलंत. इस्पितळात मी दिवसभर लोकांना विचारत असते, काय होतंय, कुठे दुखतंय. घरात विचारायची सोय नव्हती."

काच धुकटली होती. तिने ती पुसली.

"पण एक अट आहे," ती म्हणाली.

"आणखी एक?"

"रोज संध्याकाळी मला कळवायचं, आज कोणाकडे काय मागितलं."

"रोज?"

"रोज."

त्या वसंतात मी शिकोकूला गेलो. सगळी यात्रा माझ्या वयाला झेपणारी नव्हती. पहिल्या प्रांतातील देवळे मी पायी केली. सकाळी भातखाचरांच्या कडेने जायचे, दुपारी बांबूंच्या सावलीत बसायचे. मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे आणि मग आपले पाय, असाही तेथे नियम आहे. मी तो पाळला. बाजूच्या बाकांवर संत्री दिसत, ती मी घेत गेलो. त्यांतील कोणते घर माझ्या अभियंत्याचे, ते कळण्यास मार्ग नव्हता. त्याने गावाचे नाव सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. त्यामुळे प्रत्येक बाक त्याच्या आईचाच धरला. मोठ्या नदीवरच्या पुलावर मी काठी उचलली. डोंगरात एका ओल्या लाकडी पुलावर टेकवली, पण हलकेच.

संध्याकाळी संदेश पाठवीत असे. पहिल्या दिवशी लिहिले, "रस्ता विचारला. पोस्टमनला." दुसऱ्या दिवशी, "सुई-दोरा. खानावळीच्या मालकिणीकडे." डोंगरातल्या देवळाच्या दिवशी, "शेवटच्या पायऱ्यांना हात मागितला. ज्याने दिला तो माझ्याहून म्हातारा होता." ती उत्तरात एकच शब्द लिही. शाबास.

परतीच्या आदल्या दिवशी वाट सपाट होती, हवा स्वच्छ होती आणि कोठे अडले नाही. संध्याकाळी काठी धुतली, लोकरीचे मोजे वाळत घातले आणि खरे होते तेच लिहिले.

"आज कोणाकडे काही मागावे लागले नाही. तरी एका घरी पाणी मागितले."