भिंतीपलीकडचा फोन

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम एकशे ऐंशी रुपये, एका फिल्टरची. हजर मी, बायको, मुलगी आणि टेलिफोनचा लाइनमन.

बेळगावजवळच्या हिंडलग्यात दादाची आणि माझी वाटणी झाली तेव्हा शेत, गोठा, भांडी सगळं निम्मं झालं. टेलिफोन तेवढा समाईक राहिला. मधल्या भिंतीला भोक पाडून तार पलीकडे नेली आणि एकाच नंबरावर दोन फोन झाले. पुढं त्याच तारेवर मी ब्रॉडबँड घेतलं. पलीकडं वहिनींनी रिसीव्हर उचलला की आमचं इंटरनेट बंद. नुसती घंटी वाजली तरी तेच.

सोमवारी अकराला मुलीची नोकरीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरून. आमच्या बोळात मोबाईलला रेंज नाही. आणि रोज अकरालाच वहिनींच्या आईचा निपाणीहून फोन येतो.

लाइनमन म्हणाला, "पलीकडच्या फोनाला फिल्टर लावला की फोन आन् इंटरनेट येगळं चालतंय. पण तो मंगळवारशिवाय मिळायचा न्हाय. तोवर भिंतीतली तार काढू?"

"काढा," बायको म्हणाली.

मला धीर होईना. गावानं त्याला दुसरी वाटणीच म्हटलं असतं. मी पलीकडं जाऊन वहिनींना अडचण सांगितली.

"फोनची पिन काढून ठेवू की, भावजी," त्या म्हणाल्या. "पण माझा आवाज ऐकला न्हाय तर आई गप बसंल व्हय? मी गेले म्हणून समद्या पाव्हण्यांना कळवंल."

"उद्या फोन करू नका म्हणून आजच सांगा."

"मग आज धा येळा आन् उद्या ईस येळा करंल, का नको म्हणून!"

सोमवारी सकाळी सातलाच वहिनी पिशवी घेऊन निघाल्या. दादानं विचारलं, "कुठं गं?"

"निपाणीला. आईच्या म्होरं जाऊन बसते. मीच म्होरं असल्यावर फोन कुणाला लावंल?"

मुलाखत चाळीस मिनिटं चालली, एकदाही तुटली नाही. दुपारी निवड झाल्याचा मेल आला. मुलगी सगळ्यात आधी भिंतीपलीकडं धावली, पण काकू अजून परतल्या नव्हत्या.

संध्याकाळी मी त्यांना बसभाडं द्यायला गेलो. वहिनींनी पर्समधून दोन्ही तिकिटं काढून दाखवली. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना फुकट; दोन्हींवर शून्य रुपये छापलेले.

"आणि निपाणीच्या स्टँडवरून आईच्या घरापर्यंत?"

"लई लांब न्हाय. रिक्षा केलती. जाऊ द्या की."

मी ऐकलं नाही. रिक्षाचे पन्नास रुपये वहिनींच्या हातावर ठेवले.