कोरं कार्ड

बीपीचा पट्टा चर्रकन सुटला की आजही मी वळून भिंतीकडे बघते. मनीषनगरच्या आमच्या घरात, चार वर्षांची माझी मिनू भिंतीवरच्या वेल्क्रोवरून असाच आवाज करत कार्डं ओढायची. ती बोलत नसे. पाणी, संत्रं, झोका; जे हवं त्याचं चित्र हातात द्यायची.

त्या दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं. तिनं चित्र न चिकटवलेलं कोरं कार्ड माझ्या मुठीत कोंबलं. मी पाणी दिलं, संत्रं सोललं. तिनं सगळं ढकललं आणि पुन्हा तेच कार्ड दिलं.

"काय पाहिजे वं तुले? दाखव ना!" सासूबाई सारखं विचारून राहिल्या होत्या. मी घरभर धावत होते.

आता वाटतं, तिला काहीच नको होतं. आणि 'नको'चं कार्ड आम्ही केलंच नव्हतं.